कुंपण किती बुडालंय? औली आणि गुलमर्ग, जानेवारी २०२४

फोनवर मी स्कीइंगच्या सहलीच्या आयोजकाला तीनदा विचारलं होतं, "बर्फ आहे ना?" तिन्ही वेळा त्याने तेच सांगितलं, "मॅडम, जानेवारीत औलीला बर्फ नाही तर मग कुठे असणार?" सहकारी बँकेच्या कर्ज विभागात सव्वीस वर्षं काढलेल्या बाईला उत्तर आणि उलटा प्रश्न यातला फरक कळायला हवा होता. नाही कळला. वर त्याने एक व्हिडिओ पाठवला. पांढराशुभ्र उतार, रंगीत जाकिटं, सरसर खाली येणारी पोरं. मी तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि गुडघ्यांचे व्यायाम सुरू केले.

व्हिडिओतली गोम माझ्या भाच्याने काढली, पण तीही जोशीमठला पोचल्यावर. "मावशी, हे बघ," ओंकार म्हणाला. व्हिडिओच्या कोपऱ्यात, आकाशात, रोपवेची केबिन सरकत होती. आणि जोशीमठहून औलीला जाणारा तो चार किलोमीटरचा रोपवे जानेवारी २०२३ पासून, म्हणजे गाव जोरात खचायला लागलं तेव्हापासून, बंद होता. आमच्या डोक्यावर तारा नुसत्या लोंबत होत्या. म्हणजे व्हिडिओ निदान एका हिवाळ्याइतका तरी शिळा होता.

थोडी पार्श्वभूमी सांगते. फेब्रुवारी २०१९ मध्ये मी उत्तराखंडातल्या औलीला स्कीइंगचा सात दिवसांचा बेसिक कोर्स केला होता. वय शेहेचाळीस, बॅचमधली बाकी सगळी विशीतली. त्या वर्षी बर्फ इतका होता की पडलं तर उठताना हात कोपरापर्यंत आत जायचा. सातव्या दिवशी मी अर्ध्या उतारावरून न पडता खाली आले आणि मला वाटलं, आता दरवर्षी यायचं. मग कोरोना आला, मग सासूबाईंचं आजारपण, मग प्रमोशन. पाच वर्षं गेली. या वेळी ओंकारला कंपनीची सुट्टी होती आणि त्याला शिकायचं होतं, म्हणून एकाच रजेत दोन्ही ठिकाणं बसवली. आधी पाच दिवस औली, मग दिल्लीमार्गे श्रीनगर आणि चार दिवस गुलमर्ग. आपल्याकडे काही काढायचं म्हटलं की चारधामासारखं एका फेरीत उरकतात, तसंच.

ऋषिकेशहून जोशीमठ साधारण अडीचशे किलोमीटर. देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग असे एकेक संगम मागे पडत जातात आणि अंग आंबून जातं. २०१९ ला जोशीमठच्या अलीकडेच रस्त्याच्या कडेला मळकट बर्फाचे ढीग दिसायला लागले होते. या वेळी कडेला फक्त धूळ. गावात शिरलो तर काही घरांच्या भिंतींवर वर्षभरापूर्वी, राहायला धोक्याची म्हणून मारलेल्या लाल फुल्या तशाच होत्या. एका घराच्या ओसरीत भेग गेली होती, हात जाईल एवढी, आणि तिच्या बाजूलाच कुणीतरी लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या. टॅक्सीवाला त्या घराकडे बोट दाखवून म्हणाला, "हे माझ्या मामाचं." पुढे वळण येईपर्यंत गाडीत कुणी काही बोललं नाही. बर्फ नाही म्हणून कुरकुरणं मी निदान त्या संध्याकाळपुरतं थांबवलं.

रोपवे नसल्यामुळे टॅक्सीने तेरा-चौदा किलोमीटर वळणं घेत औली. सकाळी खोलीची खिडकी उघडली. उतार तपकिरी होता. सिन्नरच्या माळावर नोव्हेंबरात गवत जसं पिवळं पडून झोपतं, तसं सगळं झोपलेलं. आणि मागे नंदादेवी, ७८१६ मीटर, पांढरीफटक. खाली काही बिनसलंय हे तिच्या गावीही नव्हतं. द्रोणागिरी, हाथी पर्वत, सगळे आपापल्या जागी लख्ख. आकाशात ढगाचं ठिपकंसुद्धा नाही. पर्यटक खुर्च्यांच्या लिफ्टमध्ये बसून गवतावरून तरंगत वर जात होते, फोटो काढत होते, उतरून चहा पीत होते आणि परत खाली येत होते. ते खूश होते.

उताराच्या कडेला ताडपत्री गुंडाळलेल्या तोफा उभ्या होत्या. कृत्रिम बर्फ करणारी यंत्रं ती. २०११ ला दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा औलीला झाल्या, तेव्हाची ही तयारी. वर तळंही बांधलंय, त्यातलं पाणी खाली आणून बारीक फवारायचं, हवेत ते गोठतं आणि जमिनीवर पडेपर्यंत बर्फ झालेलं असतं. पण हवा तेवढी थंड हवी. नुसता साधा थर्मामीटर बघून भागत नाही, हवेतला दमटपणा धरून जो आकडा येतो तो साधारण उणे दोनच्या खाली जावा लागतो, आणि तोही काही तास सलग. शिवाय वीज, पंप, पाणी. मी तीन जणांना विचारलं की या तोफा का चालत नाहीत. एक म्हणाला पंप बिघडलाय, दुसरा म्हणाला थंडीच नाही, तिसरा म्हणाला वरून आदेश नाही. तिन्ही उत्तरं एकाच वेळी खरी असू शकतात, हे सरकारी योजनांची कर्जं हाताळलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

आमचा इन्स्ट्रक्टर तिशीतला गढवाली मुलगा. मला दीदी म्हणायचा, ओंकारला भुला, म्हणजे धाकटा भाऊ. ओंकारला ते इतकं आवडलं की दुसऱ्या दिवसापासून तो त्याला भैजी म्हणायला लागला. या मुलाने आम्हाला सांगितलं की गढवालीत पडलेल्या बर्फाला ह्यूं म्हणतात. आपल्याकडे एकच शब्द, बर्फ. तो म्हटला की माझ्या डोळ्यांपुढे मासळी बाजारातली लादी येते, नाहीतर गोळेवाला. मऊ, पडणाऱ्या, हाताला न टोचणाऱ्या त्या गोष्टीसाठी बोलीत आपल्याला कधी शब्द लागलाच नाही. हिम म्हणावं तर लगेच पाठ्यपुस्तक उघडल्यासारखं वाटतं.

तर ह्यूं नव्हतं आणि शिकवणी तर सुरू करायची होती. पहिले दोन दिवस गवतावर. हे वाचायला जितकं हास्यास्पद वाटतं तितकं नाही. स्कीचे बूट हा एक स्वतंत्र छळ आहे. कडक प्लॅस्टिक, चार बकलं, नडगीला पुढून दाबणारी जीभ. मोजे दोन घातले तर रक्त थांबतं, एक घातला तर हाड घासतं, आणि मोज्याला नडगीवर एक चुणी पडली तरी संध्याकाळी तिथे निळी रेघ उमटते. ओंकारने पहिल्या दिवशी त्या बुटांत फक्त चालण्याचा सराव केला आणि रात्री नडगीला कैलास जीवन चोळत बसला. मग गवतावर स्की लावून आडवं उभं राहणं, एकेक पाऊल बाजूला टाकत चढणं, टाचा बाहेर ढकलून पुढची टोकं जवळ आणणं, आणि मुद्दाम पडणं. पडायचं ते डोंगराच्या बाजूला, ढुंगणावर, हात छातीशी. २०१९ ला हे सगळं एका सकाळी उरकलं होतं आणि म्हणूनच मला नीट आलं नव्हतं, हे या वेळी लक्षात आलं. पाच वर्षं मी चुकीच्या बाजूला पडायचं शिकून बसले होते.

तिसऱ्या दिवशी तो आम्हाला वर, खरसूच्या, म्हणजे डोंगरी ओकच्या, झाडांच्या सावलीत घेऊन गेला. तिथे डिसेंबरात पडलेल्या बर्फाचा एक पट्टा टिकला होता. लांबी तीस मीटर, रुंदी दोन खाटांएवढी. त्यावर ओकची पानं, बकरीच्या लेंड्या आणि आमच्या आधी येऊन गेलेल्या बॅचच्या रेघा. लिफ्ट नाही, काही नाही. खाली यायला सहा सेकंद, आडवी पावलं टाकत वर चढायला चार मिनिटं. ओंकारने पहिल्याच दिवशी बावीस फेऱ्या मारल्या. हिशोब केला तर दोन मिनिटं बारा सेकंद स्कीइंग आणि जवळजवळ दीड तास चढण. "मावशी, हे आपल्या स्प्रिंट मीटिंगसारखंच आहे," तो म्हणाला. बाविसाव्या फेरीला त्याच्या स्कींचा उलटा व्ही नीट झाला आणि तो झाडाच्या आधी थांबला. इन्स्ट्रक्टरने टाळ्या वाजवल्या. जागाच इतकी कमी होती की थांबणं येण्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

औलीचे उरलेले दिवस मात्र मला विनाबर्फ छान गेले, हे कबूल करते. गोरसोंच्या बुग्याळावर, म्हणजे उंचावरच्या कुरणावर, चालत गेलो, साधारण तीन किलोमीटर. सावलीच्या खळग्यांत बर्फ, बाकी सगळं वाळलेलं गवत आणि चहूबाजूंनी शिखरं. २०१९ ला एवढ्या बर्फात तिथवर पोचताच आलं नव्हतं. खाली रस्त्यावर आयटीबीपीचे, म्हणजे भारत-तिबेट सीमा पोलिसांचे, जवान सकाळी धावायचे. त्यांच्या गिर्यारोहण आणि स्कीइंगच्या संस्थेचं घर औलीच. तेही बिचारे धावण्यावरच भागवत होते. आणि जेवण. धाब्याच्या मावशीने काळसर भाकरी आणि पातळ डाळ पुढे ठेवली, मंडुवे की रोटी, गहत की दाल. पहिला घास घेऊन ओंकार थांबला. त्याचं आजोळ देवगडचं. "मावशी, ही नाचणी आहे. आणि हे कुळीथ आहे!" होतंच. हजारभर मैल येऊन आम्ही नाचणीची भाकरी आणि कुळथाचं सार खात होतो, फक्त फोडणी जखियाच्या बियांची होती आणि समोर समुद्राऐवजी द्रोणागिरी.

आयोजकाकडे पैसे परत मागितले. त्याने अटींचा कागद पाठवला. बर्फ निसर्गाधीन आहे, अट अमुक. पुढच्या वर्षी दहा टक्के सूट. व्हिडिओबद्दल विचारलं तर म्हणाला, तो प्रातिनिधिक होता.

दिल्लीत धुक्यामुळे श्रीनगरचं विमान सहा तास उशिरा सुटलं. दिल्लीकर विमानतळावर शाली गुंडाळून बसले होते आणि श्रीनगरला उतरलो तर स्वच्छ ऊन, मी स्वेटर काढला. चिल्लई कलान सुरू होतं, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे काश्मीरच्या सगळ्यात कडक थंडीचे चाळीस दिवस, आणि टॅक्सीवाला काच खाली करून गाडी चालवत होता. त्याला ते बिलकूल आवडत नव्हतं. हा चाळीस दिवसांचा बर्फ म्हणजे उन्हाळ्यातलं झऱ्यांचं पाणी, सफरचंदाची बाग, भाताची रोपं, हे तो एका दमात सांगत होता, आपल्याकडे जूनच्या शेवटच्या आठवड्यात शेतकरी बोलतो त्याच आवाजात. त्या दिवसांत खोऱ्यात मशिदींमधून बर्फापावसासाठी खास नमाज पढली जात होती. मला आमच्या गावची धोंडी आठवली. डोक्यावर कडुलिंबाचा पाला बांधलेला मुलगा, घरोघरी त्याच्यावर ओतलेली घागर, "धोंडी धोंडी पाणी दे".

टनमर्गला गाडी थांबली आणि गमबूट आणि लांब कोट भाड्याने देणाऱ्यांनी आम्हाला घेरलं. "वर बर्फ आहे?" मी विचारलं. "गमबूट तर लागणारच," उत्तर आलं. मला आयोजकाची आठवण झाली. एरवी जोराचा बर्फ असला की श्रीनगरची टॅक्सी इथेच सोडावी लागते आणि साखळ्या लावलेली स्थानिक गाडी करावी लागते. या वेळी आमची गाडी थेट वर गेली, तेरा किलोमीटर, एकदाही घसरली नाही. दुष्काळातला एवढाच फायदा. ओंकारचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नव्हतं, त्यामुळे तो चार दिवस माणसांत आला, हा दुसरा.

गुलमर्गचं मैदान पाहून मात्र माझा चेहरा पडला. औलीचा तपकिरी उतार निदान शांत होता. इथे गोल्फ कोर्सच्या कुंपणाबाहेर घोडे, चार चाकांच्या धुरकट बाइक, गवतावर ओढल्या जाणाऱ्या रिकाम्या लाकडी घसरगाड्या, आणि यातून उडणारी धूळ. घसरगाडीवाले सत्तर-सत्तर वर्षांचे म्हातारे, फेरनच्या, म्हणजे ढगळ झग्याच्या, आत कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची छोटी शेगडी, धरून, प्रत्येक गाडीमागे पळत. "मॅडम, ऊपर बहुत बर्फ है." ती माणसं खोटं बोलत होती असं मी म्हणणार नाही. वर होता. पण वर कुठे, याच्यावरच सगळं होतं.

आणि इथेच दोन ठिकाणांमधला खरा फरक आहे, तो मला आधी कुणी सांगितला नव्हता. औलीचा उतार साधारण २५०० मीटरवर संपतो आणि ३०५० च्या आसपास सुरू होतो. त्याच्यावर लिफ्ट नाही. गुलमर्गचं मैदानच २६५० मीटरवर आहे. तिथून गोंडोलाचा, म्हणजे बंद केबिनच्या रोपवेचा, पहिला टप्पा कोंगडोरीला जातो, सुमारे ३१०० मीटर. म्हणजे औलीचा माथा जेवढा उंच, साधारण तिथेच गुलमर्गचा पहिला टप्पा संपतो. पुढे दुसरा टप्पा, २००५ साली सुरू झालेला, अफरवट डोंगराच्या खांद्यावर जवळजवळ ३९५० पर्यंत. त्या जास्तीच्या साडेआठशे-नऊशे मीटरना हवा पाच-सहा अंशांनी गार असते. त्यात गुलमर्ग औलीपेक्षा साडेतीन अक्षांश उत्तरेला, पश्चिमेकडून येणारे ढग आधी इथे ओततात आणि उरलंसुरलं गढवालला नेतात. चांगल्या वर्षी हा हिशोब कुणी करत नाही, सगळीकडेच पांढरं असतं. कोरड्या वर्षी मात्र एकेक मीटर उपयोगी पडतो.

पण वर फक्त बर्फच जात नाही, माणसंही त्याच्यामागे जातात. मैदानात बर्फ नसल्यामुळे आलेला प्रत्येक जण, आजीपासून तान्ह्या बाळापर्यंत, गोंडोलाच्या रांगेत. तिकीट आम्ही नाशकातूनच ऑनलाइन काढलं होतं, तरी केबिनमध्ये बसायला दोन तास लागले. स्की केबिनच्या बाहेरच्या खोबणीत उभ्या करायच्या आणि स्वतः आत शिरायचं, केबिन थांबत नाही. पहिल्या दिवशी माझी एक स्की खोबणीत आणि दुसरी हातात राहिली. आत बसलेल्या सुरतच्या काकांनी ती कोंगडोरीपर्यंत मांडीवर धरली.

स्की भाड्याने देणाऱ्या दुकानदाराने आम्हाला सगळ्यात जुनी जोडी काढून दिली. मी मागच्या रांगेतल्या नव्याकडे बोट दाखवलं. तो हसला. "वो पत्थर के लिए नहीं हैं." मग त्याने आमची स्की उलटी करून दाखवली. तळाच्या काळ्या प्लॅस्टिकवर नखाएवढे रुंद ओरखडे, काही ठिकाणी मेणासारखं काहीतरी भरून बुजवलेले, आणि धातूच्या धारेवर पायाखालच्या भागात एक दाता उडालेला, आमच्या किसणीला आहे तसाच. दगड लागून झालेला. दरवर्षी हंगामाच्या सुरुवातीला हीच जोडी बाहेर काढतो म्हणाला, बर्फ भरला की ती परत माळ्यावर. यंदा जानेवारी अर्धा सरत आला तरी माळ्यावर गेली नव्हती.

कोंगडोरीचा बर्फ पातळ, कडक आणि मळका होता. सकाळी नऊला त्यावर धार टेकली की खोवणीवर सुका नारळ घासल्यासारखा आवाज यायचा आणि स्की धरायचीच नाही. साडेअकरा ते दीड चांगला, वरचा एक बोटभर थर सुटा व्हायचा, गोळेवाल्याच्या रंध्याखाली पडतो तसा. दोननंतर चिखल. म्हणजे दिवसाला दोन तास. तेवढ्यात आणि तेवढ्याच जागेत घसरगाड्या, फोटोवाले, फेरनमध्ये फोटो काढून घेणारी नवीन जोडपी. ओंकारला औलीच्या दोन खाटांएवढ्या पट्ट्याची सवय होती, त्याला हे मैदान वाटलं. पहिल्याच दिवशी तो शंभर मीटर सलग आला आणि एका जोडप्याच्या बरोब्बर मधून गेला. त्यांच्या लग्नाच्या अल्बममध्ये तो आता कायमचा आहे.

इथला इन्स्ट्रक्टर पन्नाशीचा, म्हणजे माझ्याच वयाचा. कमी बोलायचा. माझं औलीत सुधारलेलं पडणं पाहून म्हणाला, "अच्छा गिरती हो." स्की शिकल्यापासून मिळालेली ही माझी पहिली दाद. तिसऱ्या दिवशी ओंकारला कोंगडोरीवर त्याच्या पुतण्याकडे सोपवून तो मला दुसऱ्या टप्प्याने वर घेऊन गेला.

वर सगळं पांढरं होतं. पाच वर्षांनी मी ते पुन्हा पाहत होते आणि धाप लागल्यामुळे मला नीट आनंदही होईना. स्टेशनच्या खालचा भला मोठा उतार, त्यावर परदेशी मंडळी रुंद स्की घेऊन निघालेली. मी पुढे सरकले तर त्याने काठी आडवी धरली. मग तो एका खडकाच्या कडेला गेला, हातमोजा काढला, बर्फ खणून मूठ भरली आणि माझ्यापुढे उघडली. बर्फ बोटांतून जाड्या रव्यासारखा ओघळून गेला. एक कण दुसऱ्याला चिकटत नव्हता. त्याने सांगितलं ते असं. थर पातळ असला आणि रात्री निरभ्र, कडाक्याच्या असल्या, तर खालच्या जमिनीची ऊब वर यायला बघते, त्या वाफेने थराच्या तळाचे कण मोठे आणि सुटे होत जातात. नुसते असले तर काही नाही. पण नंतर त्याच्यावर दोन-तीन फूट नवा बर्फ पडला की ती रव्यावर ठेवलेली परात. माणूस मधे गेला की सरकते. पाऊस लांबला तरी आला की सुटलो, अशी आपली समजूत. बर्फाचं तसं नाही, उशिरा येतो तेव्हा जास्त सांभाळावं लागतं. त्या महिन्याच्या शेवटी बर्फ आलाच, फेब्रुवारीत भरपूर आला, आणि २२ फेब्रुवारीला अफरवटच्या उतारांवर हिमस्खलनात एक रशियन स्कीअर गेला. बातमी वाचली तेव्हा मला तो ओघळणारा रवा दिसला.

मला त्याने वरच्या स्टेशनच्या आसपासच, दीडशे-दोनशे मीटरच्या पट्ट्यात, चार वेळा खाली-वर करू दिलं. वाऱ्याने दाबलेला बर्फ, मधेच कडक, मधेच भुसभुशीत, आणि मधेच काळ्या दगडाचं डोकं. तिसऱ्या वेळी एका न दिसणाऱ्या दगडावरून गेले. आवाज दातात गेला. स्की उलटी करून पाहिली तर जुन्या ओरखड्यांत एक नवा, माझा. मग गोंडोलाने खाली. अशा बर्फात गुलमर्ग उत्तम आहे, पण ज्याला आधीच चांगलं येतं त्याच्यासाठी. नवशिक्याला कोंगडोरीची दोन तासांची गर्दी. औलीत तेही नाही.

तरी मला कुणी विचारलं की बर्फ कमी असताना कुठे जाऊ, तर मी उलट विचारते, बरोबर कोण आहे? ओंकारसारखा शिकायला आलेला असेल तर गुलमर्ग. त्याचे चारातले अडीच दिवस तरी कामी आले. माझ्या बहिणीला आणि मेव्हण्यांना मात्र मी औलीलाच पाठवीन, बर्फ नसेल त्याच आठवड्यात. बर्फाशिवायची औली हे डोंगरातलं एक सुंदर, स्वस्त, शांत गाव आहे. बर्फाशिवायचं गुलमर्ग म्हणजे पाहुणे न आलेलं कार्यालय. आचारी, वाढपी, बँडवाले सगळे उभे, आणि प्रत्येक जण आत येणाऱ्या एकुलत्या एका माणसाकडे बघतोय. त्यात त्यांची काही चूक नाही, हंगामातल्या दोन महिन्यांवर त्यांची वर्षं चालतात. पण त्या नजरांमधून चालत जाणं सोपं नाही. शेवटच्या संध्याकाळी मी एका म्हाताऱ्या घसरगाडीवाल्याची गाडी घेतली आणि गवतावरून पन्नास पावलं ओढून घेतलं स्वतःला. खडखड इतकी की माझं कंबरडं मोडलं. त्याने पूर्ण पैसे घेतले नाहीत, अर्धे परत केले.

निघताना इन्स्ट्रक्टरने नून चाय पाजला, गुलाबी, खारट, ओंकारने नाक मुरडून दोन पेले प्यायला. मी इन्स्ट्रक्टरचा नंबर घेतला आणि म्हटलं, पुढच्या वेळी आयोजक नाही, थेट तुम्हालाच विचारीन की बर्फ आहे का. त्याने मान हलवली.

"दीदी, बर्फ है क्या, ऐसा मत पूछो. बर्फ तो सबके पास होती है." मग त्याने हाताने गोल्फ कोर्सच्या कडेचं तारेचं कुंपण दाखवलं, जे त्या दिवशी खालच्या गवतापासून वरच्या तारेपर्यंत पूर्ण उघडं होतं. "पूछो, फेन्स कितनी डूबी."

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात फोन केला. "आधी," तो म्हणाला, म्हणजे निम्मी. रजा शिल्लक नव्हती, शाखेत मार्च एंडिंगची धावपळ सुरू झालेली. तरी महिना संपता संपता, टेबलावर थकीत कर्जांच्या फायलींचा ढीग असताना, पुन्हा एकदा लावला. पलीकडे वारा इतका होता की त्याचं बोलणं तुटत होतं. मी ओरडूनच विचारलं, "फेन्स कितनी डूबी?" शेजारच्या टेबलावरच्या कुलकर्णी मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं.

थोडा वेळ नुसता वारा. मग त्याचं हसू.

"कौन सी फेन्स, दीदी?"